लढाई कळेल असे ऐतिहासिक आणि युद्धपट सुचवा

दुर्गवेडा
मंडळी, गेल्या काही वर्षांत ऐतिहासिक चित्रपटांचं पीक जोरात आलंय. 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सुभेदार', हिंदीत 'तान्हाजी', 'पानिपत', 'छावा'. बहुतेक सगळे थेटरात जाऊन पाहिलेत, घोषणाही दिल्यात. तेव्हा हा माणूस नुसता नाकं मुरडणारा आहे असं समजू नका.

तक्रार एकच आहे. लढाई सुरू झाली की मला काहीही कळेनासं होतं. कोण चढावर, कोण उतारावर, दरवाजा कुठल्या अंगाला, मदत येणार तर कुठून, काही पत्ता लागत नाही. धूळ, आरोळ्या, हवेत तरंगणारा भाला, कपाळावरून ओघळणारं रक्त. मग एकदम एक बाजू जिंकते.

कोंढाण्याचंच घ्या. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. तानाजी डोणागिरीच्या कड्यावरून वर, सूर्याजी कल्याण दरवाजाच्या बाजूला. कडा कुठे, दरवाजा कुठे आणि मधलं अंतर अंधारात कापायला किती वेळ लागेल, एवढं प्रेक्षकाला नीट दाखवलं तरी खुर्चीला खिळून बसेल तो. त्याऐवजी 'तान्हाजी'त आपल्याला काय मिळालं, तर थेट राजगडाचा वेध घेणारी 'नागिन' तोफ!

माझी कसोटी साधी आहे. चित्रपट संपल्यावर कागद-पेन्सिल घेऊन लढाईचा नकाशा काढता आला पाहिजे. या कसोटीवर माझ्या यादीत पहिला 'झुलू' (१९६४). दक्षिण आफ्रिकेतलं रॉर्क्स ड्रिफ्ट, जानेवारी १८७९. दीडएकशे ब्रिटिश शिपाई, त्यातले काही आजारी, आणि समोर तीन-चार हजार झुलू. गवताने शाकारलेल्या दोन इमारती, एक इस्पितळ आणि एक कोठार. मधे मक्याच्या पोत्यांची आणि बिस्किटांच्या खोक्यांची भिंत. दिग्दर्शक आधी ती भिंत रचताना दाखवतो, सावकाश. त्यामुळे इस्पितळ पेटतं, आतले लोक एकेका खोलीची भिंत फोडत पुढच्या खोलीत सरकतात, तेव्हा ते नेमके कुठे आहेत आणि अजून किती भिंती उरल्यात हे आपल्याला ठाऊक असतं. मग मागची खोक्यांची रांग, मग पोत्यांचा शेवटचा बुरूज. जीव मुठीत धरून बघतो आपण.

तुमच्याकडे असे अजून कोणते आहेत? देश, भाषा कुठलीही चालेल.

चहाबाज
जागा धरून ठेवतो. रात्री निवांत लिहीन.

मृण्मयी_स
नकाशा कसोटी लावायची तर 'सेव्हन सामुराई'च्या (१९५४) पुढे कुणी जाऊच शकत नाही. त्यात खरोखरचा नकाशा आहे! म्होरक्या सामुराई कांबेई गावाभोवती हिंडून प्रत्येक बाजू बघतो. एकीकडे भातखाचरात पाणी सोडायचं, एकीकडे अडथळा उभा करायचा, आणि एक वाट मुद्दाम उघडी ठेवायची. एकेका दरोडेखोराला त्या वाटेने आत घ्यायचं आणि मागचे आत घुसायच्या आधी वाट बंद करायची.

शिवाय त्याच्याकडे एक कागद असतो. त्यावर जेवढे दरोडेखोर तेवढे गोल काढलेले. एक मेला की एका गोलावर फुली. शेवटच्या पावसातल्या लढाईत पडद्यावर नुसता चिखल, घोडे आणि बांबूचे भाले आहेत, पण डोक्यात तो कागद असतो. किती उरलेत ते माहीत असतं. साडेतीन तास कसे जातात कळत नाही.

मुख्य म्हणजे उघडी वाट का ठेवायची हे शेतकऱ्यांना समजावताना ते आपल्यालाही समजतं. आपल्या लेखकांनी ही युक्ती उचलावी. राजे सरदारांना बेत समजावून सांगतायत असा प्रसंग प्रत्येक चित्रपटात असतोच, फक्त तिथे बेताऐवजी भाषण होतं.

खवचट_खंडू
>>फक्त तिथे बेताऐवजी भाषण होतं
ताई, दंडवत घ्या.

बाकी आपल्याकडे लढाईचे नियम ठरलेले आहेत. (१) गनीम एकेक करून येतो, घोळक्याने कधीच नाही. (२) नायक उडी मारतो तेव्हा गुरुत्वाकर्षण सुट्टीवर असतं. (३) ज्याला नुकतंच बाळ झालंय तो मध्यंतरानंतर दहा मिनिटांत जातो. (४) सगळे मावळे जिममधून थेट खिंडीत.

टिंबटिंब
दुर्गवेडा, मूळ मुद्द्याशीच असहमत.

लढाई 'कळणं' ही नंतर पुस्तकं वाचणाऱ्यांची चैन आहे. जो तिथे उभा असतो त्याला काही कळत नसतं, आणि चांगला युद्धपट त्याच्या बाजूने असतो. 'कम अँड सी' (१९८५) बघा. १९४३ चं बेलारूस. एक पोरगा वाळूत पुरलेली बंदूक उकरून काढतो आणि हौसेने पार्टिझन लोकांत, म्हणजे जर्मनांशी रानात लपून लढणाऱ्यांत, सामील होतो. पुढे जे होतं त्याचा नकाशा तुम्हाला काढताच येणार नाही. जवळ बाँब पडल्यावर त्याच्या कानात शिटी वाजत राहते आणि आपल्यालाही बराच वेळ बाकीचं धड ऐकू येत नाही. चित्रीकरणात काही ठिकाणी खऱ्या गोळ्या वापरल्या होत्या. त्या मुलाचा चेहरा दोन-अडीच तासांत म्हाताऱ्याचा होतो. शेवटी पडद्यावर एक ओळ येते, बेलारूसमधली ६२८ गावं माणसांसकट जाळली गेली. सहलेखक आलेस आदामोविच स्वतः कोवळ्या वयात पार्टिझन होता आणि दिग्दर्शक एलेम क्लिमोवने यानंतर एकही चित्रपट केला नाही.

तुमचा 'झुलू' भारी आहे, मान्य. पण त्यात युद्ध हा बुद्धिबळाचा पट होतो आणि मरणारे झुलू म्हणजे नुसती प्यादी. एकाही झुलू योद्ध्याला धड नाव नाही.

दुर्गवेडा
@टिंबटिंब, शेवटच्या वाक्याशी सहमत. एवढंच जोडतो की त्यातला झुलू राजा सेत्सवायो साकारलाय मांगोसुथु बुथेलेझी यांनी, आणि ते त्याच राजाचे वंशज होते. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या राजकारणात मोठं नाव झालं त्यांचं.

'कम अँड सी' पाहिलाय. पुन्हा बघायची छाती नाही. पण तो कत्तलीचा चित्रपट आहे, लढाईचा नाही. मी लढाईबद्दल विचारतोय.

टिंबटिंब
फरक काय?

बेळगावचा_फौजी
फरक आहे. कत्तलीत एकाच बाजूकडे हत्यार असतं.

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. मी मराठा लाइट इन्फंट्रीचा, आता निवृत्त. जवानाला समोरचे पन्नास पावलं दिसतात आणि शेजारचा दोस्त दिसतो, बस्स. पण निघायच्या आधी त्याला वाळूत डोंगराचा नमुना करून सगळं दाखवलेलं असतं. नाला इथे, बंकर इथे, तुमची तुकडी इथून. नंतर धुरात काही दिसत नाही तेव्हा तोच नमुना डोक्यात ठेवून माणूस चालतो. 'लक्ष्य'मधे (२००४) हा भाग बऱ्यापैकी जमलाय. समोरून चढणं म्हणजे मरण, म्हणून मागचा उभा कडा. का चढतायत ते कळतं, म्हणून चढाई बघवते.

'बॉर्डर'बद्दल लोक विचारतात. गाणी उत्तम, आजही डोळ्यांत पाणी येतं. पण लोंगेवाला तशी झाली नाही. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, २३ पंजाबची एक कंपनी, शंभर-सव्वाशे माणसं, समोर पाकिस्तानी रणगाडे. काटेरी तार बघून त्यांना वाटलं पुढे सुरुंग आहेत, तिथेच त्यांचा वेळ गेला. आपली हंटर लढाऊ विमानं रात्री उडू शकत नव्हती, म्हणजे सगळा खेळ उजाडेपर्यंत टिकण्याचा. आपले दोन जवान गेले. पडद्यावर किती गेले ते तुम्ही बघितलंच आहे. मेल्याशिवाय शौर्य दिसत नाही असं सिनेमावाल्यांना वाटतं. पहाटेपर्यंत जागा न सोडणं त्यांना पुरेसं वाटत नाही.

'प्रहार' (१९९१) बघा. लढाई फार नाही, पण प्रशिक्षण अस्सल. नानांनी त्यासाठी आमच्या बेळगावात घाम गाळलाय.

चहाबाज
फौजी काका, तुमचा प्रतिसाद वाचून आता माझं काही लिहायची हिंमत होत नाही. सलाम.

वाळवंटी
मी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'चं (१९६२) नाव कुणी घेतंय का याची वाट बघत होतो. आखातात नोकरीला आहे, जॉर्डनमधे वादी रम बघून आलो. तिथले गाईड आजही लॉरेन्सच्या नावावर पोट भरतात.

पहिल्या महायुद्धात अरबांना घेऊन तुर्कांशी लढलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याची ही गोष्ट. यात लढाया कमीच आहेत, पण 'कुठे आहोत' हे या चित्रपटाइतकं कुणी दाखवलं नाही. अकाबा बंदराच्या तोफा समुद्राकडे तोंड करून, म्हणून मागून, वाळवंट ओलांडून जायचं. एवढी एकच कल्पना, आणि त्यासाठी नफूदचं वाळवंट. ते वाळवंट मोठ्या पडद्यावरच बघा. ओमर शरीफचा प्रवेश मोबाइलवर बघितला तर काहीच दिसणार नाही. क्षितिजावर एक काळा ठिपका, मृगजळात थरथरतोय, हळूहळू त्याचा उंटस्वार होतो. विहिरीपाशी उभे असलेले दोघं नुसते बघतायत. संगीत नाही. मग एक गोळी.

आणि एक गंमत. वाळवंटात उंटावरून पडून मागे राहिलेला गासिम आठवतो? सगळे म्हणतात त्याचं मरण लिहिलेलंच होतं, आणि लॉरेन्स एकटा मागे फिरून त्याला घेऊन येतो. पुढे लॉरेन्सला त्याच गासिमला स्वतःच्या हाताने गोळी घालावी लागते. तो गासिम म्हणजे आपले आय. एस. जोहर!

खवचट_खंडू
काय सांगता! 'जॉनी मेरा नाम'वाले जोहर? परत बघणं आलं.

मोडी_वाचक
लॉरेन्सचा विषय निघालाच आहे तर चित्रपटात नसलेली एक गोष्ट. तिचा आपल्याशी थेट संबंध आहे.

अकाबाच्या आदल्या वर्षी, एप्रिल १९१६ मधे, लॉरेन्स मेसोपोटेमियात होता. कुट-अल-अमारा इथे तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौज कोंडली होती. तिचं नाव सहावी पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिथे होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा. लॉरेन्स आणि ऑब्रे हर्बर्ट यांना पाठवलं कशासाठी, तर तुर्क सेनापती खलील पाशाला पैसे देऊन वेढा उठवता येतो का बघायला. आधी दहा लाख पौंड, मग वीस. खलीलने नाही म्हटलं. २९ एप्रिलला तेरा हजारांच्या आसपास लोकांनी शस्त्रं खाली ठेवली, निम्म्याहून जास्त हिंदी. कैदेत त्यातले कितीतरी गेले.

वेढ्यात शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. आपल्या शिपायांनी बरेच दिवस घोड्याचं मांस खायला नकार दिला, हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्या मागवल्या तरीही. शिपाई खंगत गेले. आता या गोष्टीत काय नाही? नदीच्या वळणातलं गाव, तीन बाजूंनी पाणी. दुर्गवेडा यांना नकाशाही पोस्टाच्या तिकिटाएवढ्या कागदावर काढता येईल. पण यावर मराठीत चित्रपट होणार नाही, कारण शेवटी शरणागती आहे.

शकुताई
मी फारशी लिहीत नाही, वाचत असते. मोडी_वाचक यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. माझं माहेर साताऱ्याकडचं, अपशिंगे मिलिटरीपासून जवळ. त्या गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले, तिथे दगडावर तसं लिहिलेलं आहे. 'मेसोपोट्या' हा शब्द आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी असायचा. कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

मला तुमचे नकाशे काही कळत नाहीत. मी 'हकीकत' जत्रेतल्या तंबूत पाहिला, जमिनीवर बसून. बासष्टची लढाई होऊन फार दिवस झाले नव्हते. 'होके मजबूर मुझे' सुरू झालं. खंदकात बसलेले जवान एकेक कडवं म्हणतात, घरी काय चाललं असेल म्हणून. तंबूत बायकांच्या बाजूला आवाज बंद झाला. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी पदर तोंडात धरला होता, त्यांचा मुलगा तेव्हा लडाखला होता. लढाईचा भाग आला तेव्हा त्या उठून बाहेर गेल्या. गाणं तेवढं ऐकलं.

तेव्हा भय्या, लढाई कळली पाहिजे हे ठीक आहे, पण आधी माणूस कळला पाहिजे.

दुर्गवेडा
शकुताई, तुम्ही लिहीत जा हो अधूनमधून.

'हकीकत'बद्दल एवढंच म्हणतो की तिथेही जमीनच गोष्ट सांगू शकली असती. रेझांग ला इथे १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंग, १८ नोव्हेंबर १९६२. सोळा हजार फुटांवर. मधे डोंगर असल्याने आपल्याच तोफांचा मारा त्यांच्या मदतीला पोचू शकत नव्हता. १२० पैकी ११४ गेले. त्यांना मदत का मिळाली नाही, तर मधे आलेला डोंगर! हे कळलं की त्या खंदकातल्या गाण्याचा अर्थ आणखी गडद होतो, असं मला वाटतं.

मेलबर्नकर
+१ दुर्गवेडा.

इथे दर २५ एप्रिलला पहाटे अॅन्झॅक दिनाची, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाची, मानवंदना असते. पहिल्यांदा गेलो ते ऑफिसातल्या मित्राच्या आग्रहाखातर, मग त्यानेच 'गॅलिपोली' (१९८१) दाखवला. पीटर वीअर दिग्दर्शक, कोवळा मेल गिब्सन. पाऊण चित्रपट दोन धावपटू पोरांची दोस्ती, आणि शेवटी 'द नेक' नावाच्या अरुंद धारेवरची चढाई. तोफांचा मारा संपताक्षणी पोरांनी खंदकाबाहेर उडी मारायची असते. घड्याळं जुळवलेली नसतात, मारा सात मिनिटं आधीच थांबतो. तुर्कांना पुन्हा जागेवर यायला तेवढा वेळ पुरतो. एक रांग जाते, दुसरी जाते, आणि निरोप घेऊन धावणारा पोरगा अजून वाटेत आहे. तुमची नकाशा कसोटी इथे घड्याळाची कसोटी होते.

चित्रपटात खापर ब्रिटिशांवर फोडलंय, ते इथले इतिहासकारही मानत नाहीत. रांगेमागून रांग पाठवणारे अधिकारी ऑस्ट्रेलियनच होते. स्वतःच्या देशाबद्दलचा चित्रपट असला की इतकं चालायचंच बहुतेक, सगळीकडे.

मोडी_वाचक
चालायचंच म्हणून सोडून देऊ नका. 'ब्रेव्हहार्ट' (१९९५) घ्या. स्टर्लिंग ब्रिजची लढाई, आणि चित्रपटात ब्रिजच नाही! ती लढाई जिंकलीच मुळी त्या अरुंद पुलामुळे. इंग्रज फौज पुलावरून थोडी थोडी अलीकडे येत होती, अर्धी आल्यावर स्कॉटिश नायक वॉलेसच्या लोकांनी झडप घातली. पूल काढला की उरतं काय? मोकळ्या मैदानावर तोंडाला निळा रंग फासलेली माणसं. शिवाय ज्या राजकन्येशी त्याचं सूत जुळवलंय ती तेव्हा लहान मूल होती.

हेच पानिपताचं. भाऊसाहेबांचा बेत गोलाच्या लढाईचा होता. तोफखाना आणि गारदी (कवायती बंदूकधारी) पुढे, बुणगे (न लढणारी माणसं) मधे, सगळ्यांनी मिळून सरकत यमुनेकडे जायचं. इब्राहिमखानाच्या गारद्यांनी डाव्या अंगाला सकाळी रोहिल्यांना चांगलंच हाणलं. मग विंचूरकर आणि गायकवाड यांची पथकं गोल मोडून पुढे धावली आणि बेत फसला. शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' वाचताना हे सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस तासातासाने सांगता येतो. 'पानिपत' (२०१९) बघून बाहेर पडताना शेजारच्या तरुणाला विचारलं, गोल म्हणजे काय कळलं का? तो म्हणाला, काका, हिरोचा मुकुट छान होता.

शिवगर्जना_९६
तुमच्यासारख्यांना फक्त आपल्या चित्रपटांत चुका दिसतात. 'छावा' बघून लोक थेटरात रडत होते, लहान मुलं घोषणा देत होती. तुम्ही गोऱ्या लोकांच्या

संपादक
वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग संपादित केला आहे. 'छावा'वर आधीच दोन धागे आहेत आणि दोन्ही वाचनमात्र करावे लागले. कृपया तिसरा नको. चित्रपटांवर बोला, सदस्यांवर नको.

खवचट_खंडू
धाग्याचं शतक आता नक्की. कुणी शेंगदाणे आणा रे.

मृण्मयी_स
@शिवगर्जना_९६, तुमचा राग समजू शकते. रडू मलाही आलं होतं. पण भालजी पेंढारकरांचे जुने चित्रपट बघा ना, 'छत्रपती शिवाजी' (१९५२) किंवा 'मराठा तितुका मेळवावा'. हातात पैसा नव्हता, ड्रोन नव्हता, पण कोल्हापूरच्या मातीतले खरे घोडेस्वार होते आणि संवादात गनिमी काव्याची अक्कल होती. त्याआधी बाबूराव पेंटरांनी १९२३ साली 'सिंहगड' केला, मूकपट. रात्रीचा छापा दाखवायचा म्हणून कृत्रिम प्रकाशात चित्रण केलं, आपल्याकडे तेव्हा नवलच होतं ते. शेलारमामा कोण होते माहितीये? व्ही. शांताराम. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला पहिला प्रश्न पडला, तो रात्र कशी दाखवायची हा. त्याला मी मानते.

आणि टिंबटिंब, तुमच्या-दुर्गवेडांच्या भांडणावर माझं उत्तर 'सेव्हन सामुराई'वाला कुरोसावाच. 'कागेमुशा' (१९८०) बघा. शेवटी नागाशिनोची लढाई आहे, १५७५ ची. ताकेदा घराण्याचं गाजलेलं घोडदळ लाकडी कुंपणामागच्या बंदुकांवर चाल करून जातं. आणि लढाई दाखवलेलीच नाही! घोडदळाची एक लाट जाते, कुंपणामागून बार होतात, आणि कॅमेरा टेकडीवर बसलेल्या सरदारांच्या चेहऱ्यांवर. दुसरी लाट, पुन्हा चेहरे. तिसरी. मग एकदम मैदान, तडफडणारे घोडे. कोण कुठून गेलं, का मेलं, सगळं कळतं, एकही तलवार न चालता.

'रान'मधे (१९८५) उलट. किल्ल्यावरचा हल्ला पूर्ण दाखवलाय, पण आवाज काढून टाकलाय. ताकेमित्सूंचं संगीत फक्त. बाण, आग, एकमेकींना भोसकणाऱ्या बायका, सगळं मुकं. आणि मग एका गोळीचा आवाज, म्हाताऱ्या राजाचा थोरला मुलगा घोड्यावरून पडतो, आणि तिथून पुढे रणांगणाचा सगळा गोंगाट सुरू.

टिंबटिंब
'रान'वर वाद नाही. तो किल्ला फुजीच्या उतारावर खरा बांधून खरा जाळला होता. म्हातारा राजा पेटत्या किल्ल्याच्या पायऱ्या उतरतो ते एकाच वेळी चित्रित करावं लागणार होतं, दुसरी संधी नव्हती.

मी थोडं मागे येतो. मला राग नकाशाचा नाही, वरून बघण्याचा आहे. 'डंकर्क' (२०१७) मला म्हणूनच आवडला. धक्क्यावरचा आठवडा, बोटीतला दिवस, विमानातला तास, तिन्ही एकात गुंफलेले. शत्रूचा चेहराही दिसत नाही. तरी अंतर आणि वेळ कळतात.

मोडी_वाचक
त्यात आपली खेचरांची पथकंही दिसत नाहीत. डंकर्कला रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या तुकड्या होत्या, बहुतेक पंजाबी मुसलमान. '१९१७'मधे निदान ट्रकमधे एक शीख शिपाई तरी बसवलाय.

मांडवीकाठ
पणजीहून नमस्कार. आमच्या गोव्याचं कुणी बोलतच नाही म्हणून लिहितो. मुक्तिसंग्रामावर लोकांना एकच आठवतो, ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'सात हिंदुस्तानी' (१९६९), तोही अमिताभचा पहिला म्हणून. चित्रपट भाबडा आहे, पण आमच्या वडलांच्या पिढीला त्याचं फार.

गोवा मुक्त झाला त्या १९ डिसेंबर १९६१ च्या आदल्या दिवसाची गोष्ट मात्र अजून कुणी केली नाही. 'अफोंसो द आल्बुकेर्क' नावाची जुनी पोर्तुगीज युद्धनौका मुरगाव बंदरात एकटी. बाहेर आपल्या 'बेतवा' आणि 'बियास'. तिने लढत दिली, गोळे लागले, शेवटी किनाऱ्यावर चढवावी लागली. तिकडे लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा हुकूम, शेवटच्या माणसापर्यंत लढा. आणि गव्हर्नर जनरल वासाल्लो इ सिल्वाने तो मोडून शरणागती पत्करली, गोवा बेचिराख होऊ दिला नाही. मायदेशी परतल्यावर त्याचे काय हाल केले ते वेगळंच. हुकूम मोडणारा सेनापती! मला तरी ही गोष्ट कुठल्याही चढाईपेक्षा मोठी वाटते.

मोडी_वाचक म्हणतात शरणागतीवर चित्रपट होत नाही. हा व्हावा.

बेळगावचा_फौजी
मांडवीकाठ, चांगलं लिहिलंत. हुकूम मोडायलाही छाती लागते, पण फौजी म्हणून हे जाहीर बोलायला अवघड जातं.

मला विचाराल तर मी नाईक यशवंत घाडग्यांवर चित्रपट मागेन. ३/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात सेक्शन पडलं, कमांडर म्हणून हा एकटा उभा. धावत गेला, ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून उरलेल्यांना बंदुकीच्या दस्त्याने. मग निशाणबाजांनी त्याला टिपलं. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात पुतळा आहे, मुंबई-गोवा रस्त्याने जाणारे निम्मे लोक तिथे मिसळ खाऊन पुढे जातात.

आणि तो चित्रपट पंधरा मिनिटांत संपेल. संपू दे. गाणी घालू नका.

दुर्गवेडा
फौजी काका, माणगावला पुढच्या खेपेला थांबणारच.

बरंच मिळालं. पण थेट उघड्या मैदानातली मोठी लढाई, दोन्ही बाजू पूर्ण दिसतायत, अशी कुणी सुचवली नाही. माझ्याकडे एक आहे, 'वॉटर्लू' (१९७०). दिग्दर्शक बोंदारचुकने सोव्हिएत फौजेचे पंधरा हजारांच्या वर खरे सैनिक उभे केले होते. नेपोलियनचा सेनापती ने याचं घोडदळ ब्रिटिशांच्या चौकोनी रचनांभोवती घोंघावतं तो आकाशातून घेतलेला तुकडा आहे. पायदळाने चौकोन का करायचा, घोडा संगिनींच्या भिंतीवर का जात नाही, सगळं त्या अर्ध्या मिनिटात. संगणकाची करामत नाही. टिंबटिंब, वरूनच घेतलाय, पण हा एक मला द्या.

टिंबटिंब
दिला. बदल्यात 'दास बूट' (१९८१) बघा. पाणबुडीत वरून बघायची सोयच नाही. सुरुवातीलाच सांगतात, चाळीस हजार जर्मन पाणबुडीवाल्यांपैकी तीस हजार परतले नाहीत. मग शत्रूच्या जहाजाचा पंखा वरून जातानाचा आवाज आणि सगळे माना वर करून छताकडे बघतायत. नकाशा कानाने काढायचा.

मृण्मयी_स
आणि विमानं हवी असतील तर गोविंद निहलानींचा 'विजेता' (१९८२). लोक विसरलेत त्याला. त्यातलं 'मन आनंद आनंद छायो' ऐका, आशाबाई आणि सत्यशील देशपांडे.

शकुताई
ते गाणं माझ्या फोनवर आहे. नातवाने घालून दिलंय.

चहाबाज
मी रात्री लिहिणार होतो, पण सगळे माझ्या यादीतलेच घेऊन गेलात. एकच उरलाय, 'किंगडम ऑफ हेवन' (२००५). थेटरातला बघू नका, दिग्दर्शकाची लांब आवृत्ती बघा, तीन तासांच्या वरची. वेढा म्हणजे काय, तटाची कुठली बाजू कच्ची, सगळं आहे. आणि सलाहुद्दीन झालेला सीरियाचा घासान मसूद पडद्यावर आला की बाकी कुणाकडे लक्ष जात नाही.

कुणीतरी सगळ्या नावांची यादी करून धाग्याच्या वर लावता का?

खवचट_खंडू
तुम्हीच करा की. रात्री, निवांत.